दोन ड्रम आणि चोवीस घरांचा कचरा: सहा महिन्यांच्या नोंदी

आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत. सकाळी गाडी येते, सगळ्यांचा कचरा एकत्र घेऊन कचराभूमीवर जाते. तिथे पुरल्यावर त्याचं काय होतं ते मला स्वतः बघायचं होतं, आणि त्यातला किती कचरा तिथे जाण्यापासून वाचवता येतो तेही. म्हणून दोन कामं एकदम हाती घेतली. एका बंद ड्रममध्ये छोटी कचराभूमी तयार करायची, शेजारी हवा खेळती ठेवलेला दुसरा ड्रम ठेवायचा, आणि त्याच वेळी इमारतीचा कचरा वेगळा करायला लागायचं. हेच कोणी करून बघणार असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी. चुका गाळलेल्या नाहीत, कारण वेळ सगळा त्यांच्यातच गेला.

४ ते १२ जानेवारी

काहीही बदलण्याआधी आठवडाभर नुसतं वजन केलं. वाहनतळाच्या कोपऱ्यात ताडपत्री अंथरली, जाड हातमोजे आणि मास्क घातले, एकेक पिशवी फोडली.

पहिले दोन दिवस फुकट गेले. स्प्रिंगचा काटा हुकाला टांगला होता, पिशव्यांतून पाणी गळत होतं आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता. तिसऱ्या दिवशी सपाट डिजिटल काटा आणला, आणि त्या दोन दिवसांऐवजी पुढचे दोन दिवस धरून सात पूर्ण केले. कोणी करणार असेल तर काटा आधी घ्या. या सगळ्या कामात सगळ्यात मोठा खर्च त्याचाच झाला. एकूण खर्च १०० धरला तर ४० त्याचे. ड्रम जुने होते, नळ, पाइप आणि जाळीचे मिळून ३० आणि उरलेले किरकोळ.

सात दिवसांचा कचरा २३१ किलो. त्यात ओला १२८, कागद आणि पुठ्ठा २९, सगळ्या प्रकारचं प्लास्टिक २७, डायपर आणि सॅनिटरी पॅड १५, कापड ११, झाडलोटीची माती १०, काच ८, धातू ३. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन ओल्याचं. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात जगभराच्या कचऱ्यात अन्न आणि बागेतला कचरा मिळून ४४ टक्के असल्याचं म्हटलं आहे. आमचा ५५ निघाला.

१२ जानेवारी

कागद, प्लास्टिक, काच आणि धातू मिळून ६७ किलो बाजूला काढलं होतं. भंगारवाल्या दादांना बोलावलं. मला वाटलं होतं निदान ५० किलो तरी जाईल. गेलं १९.

कारण अगदी साधं होतं. त्यांनी एक पुठ्ठ्याचा खोका उचलला, उलटा केला आणि तळाला बोट लावलं. बोट आरपार गेलं. आदल्या रात्रीच्या उरलेल्या जेवणाचं पाणी त्यात झिरपलं होतं, पुठ्ठ्याचे थर सुटून वेगळे झाले होते आणि मधल्या नळ्यांमध्ये पांढरी बुरशी धरली होती. दादा म्हणाले, "ताई, हे ओलं मी नेऊन काय करू? वजन पाण्याचं, पैसे पुठ्ठ्याचे द्यायचे का? आणि पुढे गिरणीवाला माझा अख्खा गठ्ठा परत करतो."

खोका सकाळी कोरडा होता, संध्याकाळी कचरा झाला. त्याला वाया घालवणारं पाणी आमच्याच ओल्या पिशवीतलं होतं. पुढच्या सहा महिन्यांत जे जे केलं त्याचं मूळ या खोक्याच्या तळाशी आहे.

१८ जानेवारी: ड्रम भरले

१२० लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम. याआधी त्यांत काय ठेवलेलं होतं ते विचारून घ्या, रसायनांचे ड्रम घेऊ नका.

पहिला ड्रम 'बंद'. तळाला नळ बसवला, त्यावर दहा सेंटिमीटर खडी, खडीवर बारीक जाळी. झाकणाला रबराची चकती आणि वायू बाहेर काढायला एक पाइप. आत ३० किलो ओला कचरा आणि गाडीत जातो तसाच ६ किलो कागद, प्लास्टिक, कापड. पायाने दाबून भरला, वर मातीचा थर.

दुसरा ड्रम 'उघडा'. चहूबाजूंनी बोटाएवढी भोकं, आत त्याच ढिगातला ३० किलो ओला कचरा आणि जवळपास तेवढ्याच आकारमानाचा वाळलेला पालापाचोळा.

दोन्हींत नायलॉनच्या जाळीच्या सहा-सहा पुरचुंड्या पुरल्या: घडी घातलेलं वर्तमानपत्र, सुती कापडाचा तुकडा, केळ्याची साल, पातळ कॅरीबॅग, 'कंपोस्टेबल' असं छापलेली पिशवी, वेफर्सचं चकचकीत पाकीट. प्रत्येक पुरचुंडीला नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी बांधली. चिठ्ठ्या कागदाच्या केल्या ही चूक होती, ती चार महिन्यांनी कळली.

दोन्ही ड्रम उघड्या जागी, भिंतीपासून लांब ठेवले. हे मनावर घ्याच. बंद ड्रममधून मिथेन निघतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मधे असलं की ठिणगीने स्फोट होतो. गच्चीखालची खोली, जिन्याखालची जागा, गॅरेज यांपैकी काहीही चालणार नाही.

२१ जानेवारी

पाइपच्या टोकाला फुगा लावला होता. सकाळी फुगलेला दिसला, दुपारी पुन्हा लुळा. दोन दिवस झाकणाची चकतीच पुन्हा पुन्हा बसवत राहिले. चकती ठीक होती. रबराच्या पातळ फुग्यातून कार्बन डायऑक्साइड झिरपून जातो. फुगा सोडून दिला. आता पाण्याच्या बादलीत पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली उपडी धरली आहे आणि पाइपचं टोक तिच्या तोंडात. वायू आला की पाणी खाली ढकललं जातं, बाटलीवरच्या खुणांवरून मोजायचं.

२९ जानेवारी

तळाच्या नळातून पहिल्यांदा पाणी आलं. चार दिवसांत दीड लिटर. तपकिरी, किंचित तेलकट, आणि वास असा की हात तीनदा धुतले तरी जात नाही, आंबट आणि कुजकट एकदम. पट्टीवर सामू (पीएच) ५, म्हणजे आम्ल. वरून पाण्याचा थेंबही घातलेला नव्हता. हे सगळं कचऱ्याच्या पोटातलं पाणी.

कचराभूमीत याच पाण्याला लीचेट म्हणतात. तळाला अस्तर नसेल तर हे सरळ जमिनीत आणि तिथून विहिरी-बोअरच्या पाण्यात जातं. त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, अमोनिया, क्षार, आणि कचऱ्यात बॅटऱ्या वगैरे असतील तर जड धातूसुद्धा असतात. आम्ल पाणी धातू जास्त विरघळवतं, म्हणून सुरुवातीचा हा आंबट काळ जास्त वाईट.

पाइपमधला वायू चुन्याच्या निवळीतून सोडला. मिनिटभरात निवळी दुधासारखी झाली. म्हणजे सध्या बराचसा कार्बन डायऑक्साइडच निघतो आहे. हे अपेक्षित होतं. कचऱ्याच्या फटींत अडकलेला ऑक्सिजन आधी संपतो, मग आम्लं तयार करणारे जिवाणू माजतात, मिथेन करणारे सगळ्यात शेवटी येतात.

आणखी एक चूक. साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे आतापर्यंतची सगळी मापं कमी आली आहेत. बादलीतल्या पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घातलं आणि थोडं सायट्रिक आम्ल. तेव्हापासून आकडे भरवशाचे. आधीचे अकरा दिवस वहीतून काट मारले.

६ फेब्रुवारी

उघड्या ड्रमचं तापमान मध्यभागी ५४ अंश. हात घातला तर चटका बसतो. वास पावसानंतरच्या मातीसारखा. बंद ड्रम मात्र बाहेरच्या हवेइतकाच थंड.

१४ फेब्रुवारी

रात्री अवकाळी पाऊस झाला आणि उघड्या ड्रमवरचं झाकण मीच संध्याकाळी काढून ठेवलं होतं. सकाळी आत चिखल. तीन दिवसांत तापमान ५४ वरून २९ वर आणि कुजलेल्या अंड्यांचा वास. तक्रारी आल्या आणि त्या रास्त होत्या.

ओल्याने फटी भरल्या की हवा बंद होते, आणि हवा बंद झाली की उघडा ड्रमही बंद ड्रमसारखा वागायला लागतो. सगळं ताडपत्रीवर काढलं, पाचोळा आणि फाडलेला कोरडा पुठ्ठा मिसळला, मूठभर घेऊन पिळून पाहिलं. बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा, धार लागता कामा नये. परत भरायला दोघांचे पाच तास लागले. गाडी रुळावर यायला चार आठवडे.

२० फेब्रुवारी

लीचेटची बाटली कलंडली आणि पेलाभर पाणी शेजारच्या कुंडीत गेलं. लगेच भरपूर पाणी ओतून धुतलं. तरी दुसऱ्या दिवशी खालची पानं कडांनी तपकिरी झाली, सहाव्या दिवशी झाड आडवं. कुंडी शेजारच्या आजींची होती. त्यांनी आठ वर्षं वाढवलेलं झाड होतं. काही बोलल्या नाहीत, कुंडी रिकामी करून मला हात लावू न देता आत नेली. मला याचं फार वाईट वाटतं, अजूनही.

बाटलीऐवजी आता स्क्रूच्या झाकणाचा कॅन आणि त्याच्याखाली परात.

२ मार्च: घरोघरी वेगळा कचरा

पहिल्या बैठकीत मी अकरा प्रकारांचा तक्ता लावला होता. कोणता डबा कशाचा, कोणतं प्लास्टिक कुठे, सगळं. दहा दिवसांनी पाहिलं तर चोवीसपैकी सहा घरं करत होती, आणि तीही चुकत होती. लोकांचा दोष नाही. स्वयंपाकघरात हात ओले असताना अकरा प्रकार कोण आठवेल?

तक्ता काढून टाकला. आता तीनच: ओला, सुका, आणि डायपर-पॅड कागदात गुंडाळून तिसऱ्या पिशवीत. सुक्यात काय काय आहे ते नंतर आम्ही तिघं रविवारी दोन तास बसून वेगळं करतो. ओला आणि सुका एकमेकांना लागता कामा नयेत, एवढा एकच नियम घरांसाठी. एप्रिलपर्यंत एकोणीस घरं नीट करू लागली. रोज कचरा गोळा करणाऱ्या मावशींनी सांगितलं, पिशव्या आता हलक्या लागतात आणि पायावर पाणी गळत नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून कामात घ्यायला हवं होतं. कोणत्या घरात काय होतं ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही, आणि मी त्यांना विचारलं मार्चमध्ये.

११ मार्च: बादलीतली परीक्षा

प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. पुष्कळांना वाटतं की त्रिकोण असला म्हणजे त्याचा पुनर्वापर होतो. तसं नाही. हे आकडे १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाने ठरवले, आणि ते फक्त प्लास्टिकची जात सांगतात. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे बाकीचं सगळं.

ज्यांवर आकडाच नाही असे तुकडे ढीगभर. त्यांच्यासाठी पाण्याची बादली पुरते. २, ४ आणि ५ तरंगतात, १, ३ आणि ६ बुडतात. तुकडा कापून घ्या, थेंबभर साबण घाला, काठीने बुडवून सोडा. साबण नसेल तर हवेचे बुडबुडे चिकटून बुडणारं प्लास्टिकही वर राहतं. पहिल्या रविवारी माझी अख्खी चळत त्यामुळे चुकली. पेटच्या बाटलीचं झाकण तरंगतं आणि बाटली बुडते. कारखान्यातही ती दोन्ही याच तत्त्वावर वेगळी करतात.

१७ मार्च: बंद ड्रम आंबला

आठवडाभर वायू जवळजवळ शून्य. सामू ५ च्या आसपास अडकलेला. मी वाट बघत राहिले, आपोआप सुरू होईल म्हणून. झालं नाही. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना सामू साधारण ७ लागतो. आम्ल जास्त झालं की ते वाढत नाहीत, आणि ते वाढत नाहीत म्हणून आम्ल खाल्लं जात नाही. खऱ्या कचराभूमीत वेगवेगळ्या वयाचा कचरा, माती आणि जुने जिवाणू असतात. माझा ड्रम निव्वळ ताज्या ओल्या कचऱ्याचा होता.

नळातलं पाणी काढलं, त्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा घालून सामू ७ वर आणला, एका चालू बायोगॅस संयंत्रातली दोन लिटर रबडी, म्हणजे मिथेन करणारे जिवाणू असलेला पातळ गाळ, मिसळली आणि सगळं पाइपमधून परत वरून सोडलं. चार दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. सोडा एकदम ओतू नका. पहिल्या वेळी इतका फेस आला की अर्धं पाणी परातीत.

फुकट गेलेला वेळ: पाच आठवडे. रबडी पहिल्याच दिवशी घातली असती तर हे वाचलं असतं.

२६ मार्च

पेटच्या बाटल्यांची पहिली मोठी खेप पुढच्या खरेदीदाराने परत पाठवली. बाटल्या स्वच्छ होत्या, कोरड्या होत्या. कारण निघालं काही बाटल्यांना अंगभर चिकटलेलं आकसणारं वेष्टन. ते पीव्हीसीचं होतं. पेट वितळवायला जे तापमान लागतं त्यात पीव्हीसी जळून त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि पेट पिवळं, ठिसूळ होतं. दोन्ही पाण्यात बुडतात, म्हणजे बादलीही उपयोगाची नाही. हाताने फाडूनच काढावं लागतं.

४१० बाटल्यांची वेष्टनं काढली. तिघांना साडेतीन तास. ज्याने ही बाटली अशी बनवली त्याला दोन पैशाचंही ओझं नाही, ते सगळं रविवारी ताडपत्रीवर बसलेल्या माणसांवर येतं. मला या सगळ्या कामात सर्वात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा.

याच सुमाराला न घेतल्या जाणाऱ्या वस्तूंची यादीही तयार झाली. वेफर्सची पाकिटं कोणी घेत नाही, कारण प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो आणि ते थर सुटत नाहीत. कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. काळे डबे वर्गवारीच्या यंत्रातल्या अवरक्त किरणांना दिसत नाहीत, काळा रंग ते किरण शोषून घेतो. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या कागदात टाकू नका, त्यांच्यावर रसायनाचा लेप असतो आणि तो पुढच्या कागदात उतरतो. ॲल्युमिनियमचे डबे मात्र कोणीही आनंदाने घेतो. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम बनवण्यापेक्षा जुनं वितळवायला ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, त्यामुळे त्याला कायम मागणी.

९ एप्रिल

सुक्या कचऱ्याच्या गोणीतून धूर. खेळण्यातली लिथियमची बॅटरी कोणीतरी टाकली होती, गोणी पायाने दाबताना ती चेपली. वाळूची बादली जवळ होती म्हणून गोणीवरच भागलं. आता बॅटऱ्यांसाठी दाराशी वेगळी बरणी, टोकांना चिकटपट्टी लावून. सुक्या गोणीवर पाय द्यायचा नाही.

२० एप्रिल

बंद ड्रम जागा झाला. दोन लिटरची बाटली आता वीसेक तासांत भरते. वायू आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून सोडला, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करा, कातडी भाजते. १,००० मिलिलिटर सोडले, ५३० उरले. उरलेला वायू म्हणजे बहुतेक सगळा मिथेन.

कचराभूमीच्या वायूतही साधारण निम्मा मिथेन असतो. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास उष्णता अडकवतो, शंभर वर्षांच्या हिशोबात २८ पटींच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालानुसार माणसामुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे २० टक्के घनकचरा आणि सांडपाण्यातून येतो. शेजारच्या उघड्या ड्रममध्ये तेच अन्न कुजलं, पण हवेच्या संगतीत. त्यातूनही कार्बन गेला, पण बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन. तेच देठ, त्याच साली. फरक फक्त झाकणाचा.

याच आठवड्यात इमारतीसाठी खताचे खरे कप्पे उभे केले. जाळीचे तीन, प्रत्येक मीटरभर लांब-रुंद-उंच. याहून लहान ढीग आतली ऊब धरून ठेवत नाही. एक भरायचा, दुसरा पिकायचा, तिसऱ्यातून काढायचं.

१६ मे

उघडा ड्रम रिकामा केला. ३० किलो ओला कचरा आणि पाचोळा घातला होता, चाळून ९ किलो खत निघालं. काळं, भुसभुशीत. केळ्याची साल नाही, कापडाच्या जागी चार धागे, वर्तमानपत्राचा मागमूस नाही. चिठ्ठ्याही कुजल्या, त्यामुळे कोणती पुरचुंडी कशाची ते उरलेल्यावरून ओळखावं लागलं. कॅरीबॅग आणि वेफर्सचं पाकीट जसंच्या तसं.

कंपोस्टेबल पिशवीचे तळव्याएवढे तुकडे उरले होते. या पिशव्यांची प्रमाणित चाचणी ५८ अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या उष्णतेत होते. माझ्या ड्रमने ५४ गाठलं तेही थोडे दिवस, आणि मग पाऊस झाला. घरच्या ढिगात ती विरेलच असं समजू नका.

नऊपैकी दोन किलो आजींकडे घेऊन गेले. त्यांनी नव्या रोपाच्या बुडात घातलं.

८ ते १४ जून: पुन्हा वजन

जानेवारीसारखाच आठवडा, तोच काटा. एकूण २१९ किलो. खताच्या कप्प्यात गेला १०४, भंगारात ४९, कचराभूमीकडे ६६. जानेवारीत कचराभूमीकडे २१२ गेला होता.

भंगारात १९ चे ४९ झाले, तेही नवं यंत्र नाही, नवा खरेदीदार नाही. कागद कोरडा राहिला एवढंच. दादांनी या वेळी खोके उलटे करून पाहिले नाहीत.

उरलेल्या ६६ किलोंत डायपर-पॅड १६, पाकिटं आणि पातळ प्लास्टिक १४, पाच घरांचा अजून मिसळून येणारा ओला १३, कापड ९, माती ९, फुटकी भांडी वगैरे ५. यातल्या १३ किलोंचं काही करता येईल, घरोघरी जाऊन बोलणं चालू आहे. पाकिटांच्या १४ किलोंपुढे माझे हात टेकले. ते आमच्या स्वयंपाकघरात सुटणारं नाही, ते पाकीट बनतं तिथे सुटेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात जेवढं प्लास्टिक कचऱ्यात गेलं त्यातल्या फक्त ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, आणि ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साठलं. ती गोणी वेगळी बांधून वजन लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल.

१८ जुलै: बंद ड्रम उघडला

सहा महिने पूर्ण. झाकण काढून तासभर लांब थांबलो, मग हात घातला.

वरची माती तशीच. खाली काळपट, चिकट, थरांनी बसलेला लगदा, आणि त्यात गोष्टी ओळखू येत होत्या. देठ म्हणून देठ. केळ्याची साल काळी पडलेली, पण सोललेल्या चार पाकळ्यांसकट. कापड डागाळलेलं, तरी दोन्ही हातांनी ओढलं तर फाटेना. कंपोस्टेबल पिशवी अगदी नवी असल्यासारखी, वरचं हिरवं पान छापलेलं तेही स्पष्ट.

वर्तमानपत्राची घडी ताटलीत ठेवून हळूच उलगडली. कडा तपकिरी होत्या. आतलं पान वाचता येत होतं, मथळा, तारीख, खालची बारीक जाहिरातसुद्धा. आणि पुरचुंड्यांवरच्या चिठ्ठ्या, ज्या उघड्या ड्रममध्ये कुजून गेल्या होत्या, त्या सगळ्या शाबूत. माझं अक्षर ओळखू येत होतं.

अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजे यांनी १९७३ मध्ये कचऱ्याचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांच्या गटाने कचराभूमी खोदल्या तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचण्याजोगी निघाली. ते मला ठाऊक होतं. तरीही ते पान हातात धरल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. पुरलेलं कुजतं असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

सहा महिन्यांत नळातून एकूण १४ लिटर पाणी निघालं. ते गटारात ओतलं नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर विचारलं, नमुना दाखवला, त्यांनी त्यांच्या टाकीत थोडं थोडं मिसळून घेतलं. तुमच्याकडे अशी सोय आहे का ते ड्रम भरण्याआधी विचारून ठेवा. मी नंतर विचारलं, त्यामुळे कॅन तीन आठवडे बाल्कनीत ठेवावे लागले.

ड्रम रिकामा करणार होते. पण मोजलं तर वायू अजून येतो आहे, रोज दीड लिटरच्या आसपास, आणि पाणीही आठवड्याला पाव लिटर. अमेरिकेच्या नियमांत बंद केलेल्या कचराभूमीवर ३० वर्षं देखरेख ठेवावी लागते, लीचेट उपसत आणि वायू मोजत. माझ्या ३६ किलोंचे सहाच महिने झालेत.

वर्तमानपत्र वगळून सगळ्या पुरचुंड्या पुन्हा आत ठेवल्या, या वेळी प्लास्टिकच्या चिठ्ठ्या बांधून. नवी चकती लावून झाकण आवळलं. नळाखाली रिकामा कॅन ठेवला. पुढचं माप १८ ऑगस्टला.